चित्राच्या कडा कापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला कार्ल ब्रुलोववरचा लेख आवडला. या रशियन चित्रकारावर मराठीत लिहितं कोण! पण ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या रोमन शहराचं ‘पॉम्पेईचा अखेरचा दिवस’ हे त्याचं चित्र तुम्ही चौकोनी जागेत बसवण्यासाठी दोन्ही बाजूंनी छाटलंत, आणि लेखाचा मुद्दाच कात्रीत गेला.

जुन्या ग्रीक-रोमन शिल्पांचा आदर्श मानणारी नवअभिजात आणि भावनांचा, निसर्गाच्या रौद्रपणाचा कल्लोळ मांडणारी रोमँटिक, या दोन्ही शैली ब्रुलोवकडे एकत्र नांदतात, असं लेखक म्हणतात. छापलेल्या तुकड्यात उरलं काय? लालभडक व्हेसुव्हियस ज्वालामुखी, उधळलेले घोडे, रथातून पडून मेलेली बाई. म्हणजे नुसता कल्लोळ. उजवीकडे म्हाताऱ्या बापाला उचलून नेणारे दोन मुलगे आहेत, एक सैनिक आणि एक पोरसवदा. जवळच आईला ‘ऊठ, चल’ म्हणून विनवणारा तरुण प्लिनी, पुढे रोमन लेखक म्हणून गाजलेला. प्लास्टरच्या पुतळ्यावरून ज्याने कधी शेडिंग केलंय, त्याला ही अंगं लगेच ओळखू येतील. मी वर्गात मुलांकडून तेच करून घेत असे. रेषा घोटीव, मांडणी जुन्या शिल्पांची. आणि त्याच देहांवर विजेचा पांढराफटक उजेड पडलाय, वरून पुतळे कोसळताहेत. दोन शैलींचा मेळ दिसतो तो इथे, आणि हाच भाग गायब! डावीकडच्या गर्दीत डोक्यावर रंगांची पेटी घेतलेला माणूस म्हणजे खुद्द ब्रुलोव. तोही गेला.

मूळ चित्र साडेसहा मीटर रुंद आहे. १८३० ते १८३३ या काळात रोममध्ये रंगवलेलं, आज सेंट पीटर्सबर्गच्या रशियन म्युझियममध्ये आहे. एवढा पसारा त्याने उगाच नाही मांडला.

जाता जाता आणखी एक. युक्रेनचा कवी आणि चित्रकार तारास शेवचेन्को जन्माने भूदास होता, म्हणजे जमीनदाराच्या मालकीचा वेठबिगार. ब्रुलोवने कवी झुकोव्स्कीचं व्यक्तिचित्र रंगवलं, त्याची सोडत काढली गेली आणि १८३८ मध्ये त्या २५०० रूबलांत शेवचेन्कोला मालकाकडून सोडवलं. पुढे तो ब्रुलोवच्याच हाताखाली शिकला. शैलीच्या चर्चेत हे बसत नसेल, तरी लेखात दोन ओळी हव्या होत्या.

येत्या रविवारी चित्र अख्खं छापा, आडवं, पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. फार तर खालची एक जाहिरात सोडावी लागेल.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, सातारा