दार-ए-सलामच्या काकूंना, लातूरहून

ती. स्व. काकूंस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही "बरं बरं, जेवलास का?" म्हणून विषय बदलता. म्हणून लिहूनच टाकतोय. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण आमच्या आडत बाजारातून आफ्रिकेची तूर बघायला टांझानियात दार-ए-सलामला जाणारा मी एकटाच नाही. विमानतळ, गोदाम, हॉटेल आणि परत, एवढंच शहर पाहून ही मंडळी येतात. मीही तसाच आलो असतो.

तुमचा भाचा आमच्या डाळमिलचा हिशेब बघतो, एवढीच काय ती ओळख. पहिल्या दिवशी गोदामवाल्यानं "उद्या दोन वाजता या" सांगितलं. मी ते सहज तुमच्या कानावर घातलं, तर तुम्ही लगेच विचारलंत, "स्वाहिलीत म्हणाला की इंग्रजीत?" स्वाहिलीत तास उजाडल्यापासून मोजतात, सकाळी सातला एक आणि आठला दोन, हे मला कोण सांगणार होतं? मी दुपारी पोचलो असतो, तोवर माल दुसऱ्याच्या नावावर लागला असता. नुसता या एका गोष्टीचा हिशेब मांडला तरी मी तुमचं देणं लागतो.

सौदा उरकला तेव्हा तुम्ही म्हणालात, "खोलीत कामून बसून राहतो? चल." आणि एका माळकऱ्याला घेऊन गेलात ते थेट किवुकोनीच्या मासळी बाजारात! जाताना बजाजी केली. तिथं रिक्षाला बजाजीच म्हणतात, आणि आमच्या वाळूजला बनणारी रिक्षा हिंदी महासागराच्या काठानं पळताना बघून उगाच ऊर भरून आला. बाजारात मात्र मी नाकाला रुमाल लावून उभा. पण लिलाव सुरू झाला आणि रुमाल कधी खाली आला ते कळलंच नाही. भाषेचं अक्षर समजत नव्हतं, तरी कोण खरा गिऱ्हाईक आणि कोण नुसता भाव चढवतोय, ते मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं. आठवतं ना? त्या लाल टोपीवाल्यानं शेवटी काहीच घेतलं नाही.

मग ते जहाज आलं. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांना समुद्र नाही, काकू. माझ्या लेखी समुद्र म्हणजे 'माल किती दिवस लेट' एवढंच. तिथल्या बंदराचं तोंड इतकं अरुंद, की ते अवाढव्य कंटेनरचं जहाज दोन काठांच्या मधून जाताना डेकवरचा माणूस हात हलवतोय हेही दिसलं. काठावरच्या पोरांना त्याचं काहीच नव्हतं. मी मात्र ते आत जाईस्तोवर हललो नाही. त्या दिवशी मला ते शहर आवडलं, असं म्हणणं कमी होईल. घरी फोन केला तेव्हा माझ्या आवाजावरनंच बायकोनं विचारलं, "काय, राहताय का तिकडंच?"

तुम्ही आयुष्यभर भूगोल शिकवलात हे किगांबोनीला जाणाऱ्या फेरीबोटीत चढल्यावर कळलं. ऑगस्टचा दक्षिणेकडचा वारा तोंडावर येत होता, त्याला तिथं कुसी म्हणतात. तुम्ही म्हणालात, हेच वारे आफ्रिकेच्या काठानं वर जाऊन, वळून, अरबी समुद्रावरून आपल्याकडं पाऊस आणतात. जूनमध्ये आभाळाकडं बघत बसणाऱ्या माणसाला हे ऐकून काय वाटलं असेल, ते तुम्ही परभणीच्या असल्यानं सांगायला नको.

आता खरं आभाराचं. दुसऱ्या सकाळी तुम्ही मला टपरीवर म्बाझी खायला घातलीत. नारळाच्या दुधात शिजवलेली अख्खी तूर आणि सोबत गोडसर मांदाझी, म्हणजे तळलेला पाव. आयुष्य तुरीत गेलं, पण ती मी येळवशीच्या (वेळ अमावास्येच्या) भज्जीत हिरवी खाल्लेली, नाहीतर वरणात. नारळात कधीच नाही. (खरं सांगू? वरणच बरं. पण दोनदा मागून घेतली.) शेजारी तो दक्षिणेकडचा म्हातारा शेतकरी बसला होता. मी भारतातला तूर व्यापारी आहे हे कळल्यावर त्यानं खाणं थांबवून विचारलं, "त्या वर्षी तुम्ही घेणं का बंद केलं?"

२०१७ चं म्हणत होता. त्या ऑगस्टमध्ये भारतानं तुरीच्या आयातीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली आणि तिकडं भाव कोसळले. मला ते वर्ष इकडून माहीत होतं. २०१६ ला पाऊस चांगला झाला, तूर उदंड आली, क्विंटलला ५०५० रुपयांचा हमीभाव असताना बाजारात त्याच्या खाली विकली गेली, खरेदी केंद्रांपुढं ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या. आयात रोखा म्हणणाऱ्यांत मीही होतो, आणि आजही ते चूक वाटत नाही. पण ते त्याच्या तोंडावर कसं सांगायचं? तुम्ही सांगितलंत. बराच वेळ, हातवारे करून, मध्येच आमच्या रांगांचं वर्णन करून. २०२१ च्या मे महिन्यात आयात पुन्हा खुली झाली, हेही सांगितलंत. त्यानं शेवटी माझ्याकडं बघून एकच विचारलं, तुमच्याकडं एकराला किती पिकते. मग आम्ही दोघं तुमच्यामार्फत तासभर शेंगअळीवर बोललो. धंद्यात आल्यापासून शेतकऱ्याशी इतका वेळ भाव न काढता मी बोललेलो नाही.

त्याचं गाव म्त्वाराकडं. आमच्या बाजारात 'मटवारा तूर' रोज बोलली जाते, पण ते समुद्रकाठचं गाव असेल असं कुणाच्या डोक्यातही येत नाही.

दिवाळीनंतर भाचा येतोय, त्याच्याबरोबर येसर आणि काळं तिखट पाठवतोय. तिखट जरा जास्तच जहाल झालंय, बेतानं घाला. आणि त्या म्हाताऱ्याला विचारून ठेवा, म्त्वाराला बसनं जायला किती तास लागतात. पुढच्या खेपेला माल बघायचं निमित्त आहेच.

तुमचा,
लातूरचा डाळवाला