किमतीच्या तक्त्यात हमीचाही रकाना हवा

महोदय,

दिवाळीच्या खरेदीनिमित्त आपल्या पुरवणीत गेमिंगसाठीच्या परवडणाऱ्या ओएलईडी मॉनिटरवर लेख आला. त्यातला किमतींचा तक्ता कामाचा आहे. मी तो कापून काउंटरच्या काचेखाली ठेवलाय, आणि गिऱ्हाइकं त्यावर बोट ठेवूनच विचारतात. पण त्या तक्त्यात एक रकाना राहून गेला आहे, आणि माझ्या मते तोच सगळ्यात आधी हवा होता: पडद्यावर कायमचा डाग बसला, म्हणजे बर्न-इन झालं, तर कंपनी ते हमीत धरते की नाही?

सांगलीत माझं असेंबल पीसीचं आणि दुरुस्तीचं दुकान आहे. मी ओएलईडीच्या विरोधात नाही. असा पडदा अंधाऱ्या खोलीत एकदा चालू करून दाखवला की पुढं काही बोलावं लागत नाही. मागून उजेड टाकणारा दिवा यात नसतोच, प्रत्येक ठिपका आपापला पेटतो आणि विझतो. त्यामुळं काळं ते खरोखर काळं दिसतं आणि पळत्या चित्रामागं सावली ओढली जात नाही. २०२२ मध्ये सॅमसंगच्या क्यूडी-ओएलईडी या प्रकारच्या पॅनेलचा (पॅनेल म्हणजे आतला मूळ पडदा) पहिला गेमिंग मॉनिटर आला, तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत १,२९९ डॉलर होती. आता २७ इंची, २५६० बाय १४४० ठिपक्यांचा, २४० हर्ट्झचा (सेकंदाला २४० वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर आपल्याकडं पन्नास हजारांच्या आसपास मिळतो. पोरांना मोह होणारच, आणि तो रास्तही आहे.

मग ही किंमत खाली येते ती कुठं? मॉनिटरवर नाव कुणाचंही असो, आतलं पॅनेल बहुतेक वेळा सॅमसंग डिस्प्ले किंवा एलजी डिस्प्ले या दोघांपैकीच एकाचं असतं. म्हणजे महागड्या आणि स्वस्त मॉडेलचा पडदा अनेकदा एकच. कात्री लागते ती स्टँडला, यूएसबी पोर्टांना, आणि कधी कधी हमीला. स्टँड साधा आला तर काही बिघडत नाही, दोन पुस्तकं खाली घालता येतात. हमीत बर्न-इन नसेल तर मात्र वाचवलेले पाच-सात हजार पुढं पन्नास हजारांना पडू शकतात.

अलीकडंच एक तरुण मॉनिटर घेऊन आला. दिवसा घरून हिशेबाचं काम करतो, रात्री मित्रांबरोबर व्हॅलोरंट हा गेम खेळतो. मॉनिटर ऑनलाइन घेतलेला, सगळ्यात कमी किंमत बघून. मी पूर्ण पडदाभर करडा रंग लावून दाखवला. खाली टास्कबारची पट्टी उमटलेली, तिच्यात आयकॉनचे चौकोनही मोजता येत होते. वर डावीकडं, जिथं गेममध्ये नकाशा असतो, तिथं फिकट चौकोन. मधोमध एक उभी रेघ, कारण हा दिवसभर दोन खिडक्या शेजारी-शेजारी लावून काम करायचा. ओएलईडीतलं सेंद्रिय द्रव्य वापरानं झिजतं, आणि एकाच जागी एकच चित्र तासन्‌तास राहिलं की तिथलं जास्त झिजतं. दुरुस्ती म्हणजे नवं पॅनेल, आणि नवं पॅनेल म्हणजे जवळजवळ नवा मॉनिटर. कंपनीनं हमी नाकारली. कागद वाचला तर बर्न-इन वगळल्याचं त्यात बारीक अक्षरांत छापलेलंच होतं. त्याच्या घरात पैसे हप्त्यावर भरणं अजून चालू आहे, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

काही कंपन्या तीन वर्षांच्या हमीत बर्न-इन स्पष्ट शब्दांत धरतात. ते वाक्य वेबसाइटवरच्या भारताच्या पानावर आहे का, हे बघावं. अमेरिकेच्या पानावरचं आश्वासन इथं चालेलच असं नाही. दुबईहून भावानं किंवा मेव्हण्यानं आणलेल्या मॉनिटरला तर इथलं सर्व्हिस सेंटर बहुतेक वेळा हातच लावत नाही.

लेखात जीएसटी कपातीमुळं २७ इंची मॉनिटर स्वस्त झाल्याचं म्हटलं आहे, ते दुरुस्त व्हायला हवं. ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर जीएसटी २०१९ पासूनच १८ टक्के आहे. २२ सप्टेंबर २०२५ ला २८ वरून १८ टक्क्यांवर आला तो त्याहून मोठ्या पडद्यांवरचा. म्हणजे ३४ इंची रुंद मॉनिटर घेणाऱ्याचा फायदा झाला. २७ इंचीवर कुणी ‘जीएसटी सूट’ म्हणून पाटी लावली असेल तर ती सूट दुकानदाराची आहे, सरकारची नाही.

आणखी एक गोष्ट मराठी वाचकांसाठी मुद्दाम लिहितो, कारण इंग्रजी परीक्षणांत ती सापडत नाही. क्यूडी-ओएलईडीत लाल, हिरवा, निळा हे उपठिपके एका ओळीत नसतात, त्रिकोणात बसवलेले असतात. त्यामुळं आडव्या रेघेच्या वर-खाली हिरवट-गुलाबी कड दिसते. इंग्रजी अक्षरांत ती इकडं-तिकडं विखुरते. देवनागरीत प्रत्येक शब्दावर शिरोरेषा, म्हणजे पानभर आडव्याच रेघा. माझ्याकडं लग्नपत्रिका आणि अहवालांचं डीटीपी करणाऱ्या एक ताई येतात. त्यांना २७ इंची १४४० च्या क्यूडी-ओएलईडीवर मराठी मजकूर दाखवला तर पाचव्या मिनिटाला त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. त्याच आकाराच्या ४के पडद्यावर ठिपके बारीक असल्यानं ही कड जवळजवळ दिसत नाही, पण त्याला पैसे बरेच जास्त पडतात. ज्या घरात एकाच मॉनिटरवर मुलगा खेळतो आणि आई किंवा वडील मराठी टायपिंग करतात, तिथं आपली मराठी फाईल पेनड्राइव्हवर नेऊन दुकानात उघडून बघावी आणि मगच पैसे द्यावेत.

खोलीही बघायला हवी. क्यूडी-ओएलईडीवर बाहेरचा उजेड शोषणारा नेहमीचा पोलरायझर थर नसतो. पाठीमागं ट्यूबलाइट किंवा उघडी खिडकी असली की काळा रंग जांभळट-करडा दिसतो, आणि ज्यासाठी एवढे पैसे मोजले तेच हरवतं. तशा खोलीत एलजीचं डब्ल्यूओएलईडी, म्हणजे ओएलईडीच्याच दुसऱ्या प्रकारचं, पॅनेल बरं.

घेतल्यानंतरची सगळ्यात महत्त्वाची सूचना कंपन्या मॅन्युअलमध्ये देतात, पण आपल्या घरातल्या शिस्तीशी तिचं जुळत नाही. हा मॉनिटर काही तास चालल्यावर, बंद असताना, पाच-दहा मिनिटं स्वतःच ठिपक्यांची झीज तपासून सारखी करतो. त्या वेळी त्याला वीज लागते. आपल्याकडं झोपताना भिंतीवरचं बटण बंद करायची लहानपणापासूनची सवय, आणि ती चांगलीच आहे. पण ओएलईडीच्या बाबतीत संगणक बंद केल्यावर मॉनिटरचा दिवा बघून, ते काम उरकलं की मगच बटण बंद करावं. हे मी गिऱ्हाइकाच्या आईला सांगतो, मुलाला नाही, कारण रात्री बटणं तीच बंद करते. टास्कबार आपोआप लपेल असं करून ठेवावं, आणि दिवाळीच्या साफसफाईत काच पुसायचा फवारा या पडद्यावर मारू नये, वरचा थर नाजूक असतो.

ज्याच्याकडं आरटीएक्स ३०६० सारखं ग्राफिक्स कार्ड आहे आणि जड गेममध्ये सेकंदाला साठ-सत्तर फ्रेमच (चित्रंच) मिळतात, त्याला ३६० हर्ट्झच्या ओएलईडीचा काही उपयोग नाही. त्यानं वीस हजारांच्या आतला १४४० चा, १८० हर्ट्झचा आयपीएस (मागून दिवा असलेला एलसीडी मॉनिटर) घ्यावा आणि उरलेले पैसे कार्डात घालावेत. दिवसाचे आठ तास एक्सेल-टॅली आणि रात्री तासभर गेम असणाऱ्यालाही मी आयपीएसच देतो. त्यात माझा नफा कमी होतो, पण तो माणूस दोन वर्षांनी भांडायला नाही, नवीन काही घ्यायला येतो. ओएलईडी त्यानं जरूर घ्यावा, ज्याचा पडदा मुख्यतः गेम आणि सिनेमासाठीच आहे आणि ज्याच्या हातात बर्न-इनची लेखी हमी आहे.

हमी असूनही कंपनी टोलवत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्क नाही. पण त्यासाठी पक्कं बिल लागतं. जीएसटी वाचवायला कच्च्या चिठ्ठीवर घेतलेल्या मालाचं गाऱ्हाणं मांडणं फार अवघड होतं.

आपल्याला विनंती एवढीच, की पाडव्याच्या आधी पुन्हा तक्ता छापाल तेव्हा किमतीशेजारी तीन रकाने वाढवा: पॅनेल कुणाचं, भारतात हमी किती वर्षांची, आणि बर्न-इन त्यात धरलंय का. मी माझ्या बिलावर या तिन्ही गोष्टी पेननं लिहून सही-शिक्का देतो. बाकीच्या दुकानदार बंधूंनीही तसं करावं, आणि गिऱ्हाइकांनी ते मागून घ्यावं.

– एक संगणक विक्रेता, विश्रामबाग, सांगली