मनूचं इंजेक्शन आणि तुम्ही दोघं

आई, बाबा,

रात्रीचे दोन वाजून गेलेत. मनूची दोनची शुगर बघायला उठले होते, 142 आली, बरी आहे. आता ती झोपेतच बोट पुढे करते आणि कूस बदलून परत झोपते, मलाच मग झोप लागत नाही. म्हणून लिहीत बसलेय. फोनवर बोलायला गेलं की आई तू रडतेस, मग मी रडते, मग बाबा "ठेव आता" म्हणून फोन काढून घेतात आणि मुद्दा राहूनच जातो.

मुद्दा रविवारचा. जेवणाआधी मी मनूच्या इन्सुलिनच्या इंजेक्शनचं पेन काढलं तेव्हा आई तू पदर डोळ्याला लावून स्वयंपाकघरात गेलीस, "एवढीशी पोर" एवढंच म्हणालीस पण ते तिने ऐकलं. आणि बाबा तुम्ही म्हणालात काही नाही दुखत गं, मुंगी चावते तेवढंच. त्यावर ती काय म्हणाली आठवतंय ना, "आबा, मुंगी चावली की दुखतं." आपण सगळे हसलो, पण बाबा ती खरं तेच बोलत होती. तिला "दुखणार नाही" सांगितलं आणि दुखलं, की पुढच्या वेळी आपल्या कुठल्याच शब्दावर ती विश्वास ठेवत नाही, आणि पुढची वेळ चार तासांवर असते. तीन खाण्याआधीची आणि एक रात्रीचं, वर्षाची बेरीज केली तर 1460 होतात. एवढ्या वेळा खोटं कसं बोलणार.

सुरुवातीच्या महिन्यात आम्ही किती चुकलो ते तुम्हाला सांगितलंच नाहीये. ती पलंगाखाली जाऊन बसायची, हे तिला ओढून काढायचे, मी पाय धरायचे आणि एकदाचं टोचून मोकळे व्हायचो. पाच मिनिटांत काम व्हायचं खरं, पण मग फ्रिजचं दार वाजलं की ती पळायला लागली. दुधासाठी उघडला तरी! कारण पेन फ्रिजच्या दारात असायचं. बाप जवळ घ्यायला गेला तर अंग चोरायची, ते बघून हे रात्री गॅलरीत एकटेच उभे राहिले होते. डायबेटिसच्या नर्सबाईंनी मग आम्हालाच झापलं. म्हणाल्या चालू असलेलं पेन साध्या गारव्यात चार आठवडे चांगलं राहतं, थंडगार इन्सुलिन तर जास्त झोंबतं, ते बाहेर ठेवा आणि पोरीला आडवं दाबून धरणं आधी बंद करा.

आता कसं करतो ते सांगते, म्हणजे तुमच्याकडेही तसंच होईल. खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचं, पलंगावर अजिबात नाही, झोपायच्या जागेची भीती बसायला नको. माझ्या मांडीवर, मिठीत, सरळ बसून. कुठे घ्यायचं ते ती ठरवते, पोट, मांडी, दंड की कुल्ला, फक्त कालचीच जागा परत नाही, एकाच ठिकाणी टोचत राहिलं तर तिथे गाठ धरते आणि औषध नीट लागू होत नाही. सुई 4 मिलीमीटरची आहे आई, तुझ्या शिवणाच्या सुईसारखी नाही, डोळे उघडून एकदा बघ तरी. मी चिमटीत कातडी धरते, टोचते, बटण दाबते आणि मग सुई आत ठेवून ती दहापर्यंत मोजते. ते मोजायचं काम तिचंच, आपण मधे बोलायचं नाही. सातपर्यंत भरभर जाते आणि मग "आ...ठ" असं लांबवते, का ते देव जाणे. कधीकधी रडते. रडू द्यायचं. घ्यायचं की नाही हे मात्र विचारायचं नाही, कारण तिथे तिला नाही म्हणता येणार नाहीये.

आणि "आज एक दिवस राहू दे ना" हे परत म्हणू नकोस गं. बाबांची शुगर वेगळी, त्यांच्या शरीरात इन्सुलिन बनतं, म्हणून गोळीवर भागतं. मनूच्या शरीराने स्वतःच त्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकल्यात. इन्सुलिन तोंडाने दिलं तर पोटात पचूनच जातं, म्हणून टोचावं लागतं. शेजारच्या काकूंचा कारल्याचा रस बाबांनी खुशाल प्यावा, तिला नको. बाबा तुम्हाला इतिहास आवडतो म्हणून सांगते, 1922 च्या जानेवारीत टोरांटोमध्ये एका 14 वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा हे औषध टोचलं, त्याच्या आधी अशी मुलं फार दिवस जगायचीच नाहीत. मला रात्री फार वाईट वाटायला लागलं की मी हे आठवते.

अजून एक. तुम्ही यांना हळूच विचारलंत ना, की मी तिला कंदी पेढे द्यायचो त्यानेच झालं का म्हणून. नाही झालं बाबा. गोडाचा आणि या आजाराचा काही संबंध नाही, दोन डॉक्टरांना विचारलंय. ते मनातून काढून टाका.

मे महिन्यात तिला आठ दिवस साताऱ्याला ठेवायचा विचार आहे. मी पहिले तीन दिवस असेन, तेवढ्यात तुम्ही दोघं शिकायचं. आधी सुईशिवाय तिच्या अस्वलावर, मग माझ्यावर नुसती सुई टोचून बघा, मी ओरडणार नाही. किती युनिट ते रोज मी फोनवर सांगेन. पण एक आत्ताच पाठ करा: हात थरथरले, घाम आला, उगाच चिडचिड करायला लागली तर आधी मशीनवर बघायचं, 70 च्या खाली असेल तर तिच्या वजनाला दोन चमचे साखर पाण्यात, आणि 15 मिनिटांनी परत बघायचं. पोळीभाजी नंतर. शुद्ध हरपली तर मात्र तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखान्यात.

तिला हे सांगितलं तर म्हणते आबांना मी शिकवीन, आजी रडणार असेल तर आजीने दहा मोजायचे.

बाबा, कुंभाराकडून दोन मडकी आणून ठेवा, एक लहान एक मोठं, मधे ओली वाळू भरून लहान्यात पेन ठेवू. साताऱ्याच्या उन्हात दुपारी लाईट गेली तरी काळजी नाही. जास्तीची पेनं फ्रिजच्या दारात ठेवायची, आई बर्फाच्या कप्प्यात नको हं, गोठलं की ते फेकूनच द्यावं लागतं. आणि मडकी आत्ताच घ्या, मे मध्ये तो दुप्पट सांगतो.

तुमची,
बेबी