करंज्या तुळशीच्या लग्नाला कर

मराठा सेंटर (मराठा लाइट इन्फंट्री), बेळगाव
बलिप्रतिपदा, रात्री

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. आई, रविवारी फोनवर तू म्हणालीस, "तू नाहीस तर यंदा तळणच घातलं नाही." तेव्हापासून जीव लागत नाही. फोन जमा करायची वेळ झाली होती, बोलणं अर्धंच राहिलं.

आमची दिवाळी झाली गं. नरकचतुर्दशीला शिट्टी नेहमीसारखी अंधारातच वाजली, पण पीटी नव्हती. उटणं नाही, पायाखाली फोडायला कारीट नाही. साताऱ्याच्या एकानं मोती साबणाची वडी मुद्दाम या दिवसासाठी पेटीत जपून ठेवली होती. ती सगळ्या बॅरेकभर फिरली. माझ्या हातात आली तेव्हा बिस्किटाएवढी उरली होती, पण वास आपल्या न्हाणीघराचाच आला.

मग मंदिरात आरती आणि दुपारी बडा खाना. साहेब, सुभेदार, उस्ताद, सगळे आमच्याच पंगतीत. कवायत शिकवणाऱ्या ज्या उस्तादांचा आवाज ऐकून पोटात गोळा येतो, तेच पुऱ्या वाढत म्हणाले, "पोटभर खा रे, लाजू नको."

बॅरेकसमोर आम्ही राजगड केला. लंगरमधून, म्हणजे इथल्या स्वयंपाकघरातून, मोहरी मागून आणली आणि पाच दिवस आधीच उतारावर पेरली. सुवेळा माची माझ्याकडं होती. बाबा, लहानपणी तुम्ही मातीत भाताचं तूस मिसळायला लावायचा ना, तसंच केलं. दुसऱ्यांच्या बुरुजांना भेगा गेल्या, माझ्या माचीला एक नाही. आज मोहरी बोटभर वर आलीय.

शेजारच्या खाटेवरचा बैलहोंगलचा आहे, घरी कन्नड बोलतो. आज सकाळी गप्प बसला होता. विचारलं तर म्हणाला, आई दारात शेणाचे पांडव करत असेल. मी म्हटलं, आमच्याकडंही तेच! मग दोघं बराच वेळ गोठ्याबद्दलच बोलत बसलो.

लांबची पोरं म्हणतात, तुझं बरं आहे, घर जवळ. पण रात्री दिवे मालवले की स्टेशनातून गाडी सुटलेली ऐकू येते. देसूर, इदलहोंड, खानापूर, मी मनात मोजत जातो. एवढं जवळ असणंच जड जातं.

उस्तादांनी नाईक यशवंत घाडगे यांची गोष्ट सांगितली. 10 जुलै 1944, इटली. सेक्शनमधले सगळे पडले, तरी एकटेच मशीनगनवर धावून गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वय 22. मी 19 चा. त्यांच्या घरच्यांनी ती दिवाळी कशी काढली असेल, हेच माझ्या डोक्यात फिरत राहिलं. म्हणून सांगतो आई, मी धडधाकट आहे, रोज पोटभर जेवतो. माझ्या नावानं घर सुनं ठेवू नकोस. तुळशीचं लग्न अजून आहे. तेव्हा करंज्या कर, ताईला खाऊ घाल, शेजारीही दे.

बाबा, खालच्या पट्टीतलं भात माझ्यासाठी थांबवू नका. गुडघा दुखत असताना विळा घेऊन वाकू नका, माणसं लावा. पैसे पाठवलेत ते त्यासाठीच आहेत.

ट्रेनिंगच्या 31 आठवड्यांतले 24 झाले. डिसेंबरात शपथ घ्यायची कसम परेड आहे. त्या दिवशी आई-वडिलांना गौरव पदक देतात, तेव्हा दोघांनीही यायचं. गाडी ठरवून खर्च करू नका, सकाळच्या एसटीनं या. आणि एक काम आहे. बैलहोंगलच्या पोराची आई एकटीच येणार आहे, तिला मराठी येत नाही. आई, तुला बाजारात बोलून बोलून कन्नड चांगलं येतं. तिला स्टँडवर गाठ आणि तुमच्याबरोबरच घेऊन ये. परेडला तुझ्या शेजारी बसव.

तुमचा लेक