बारावीच्या गणितात कोष्टक आयते मिळते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावी वाणिज्यच्या गणितात लिनिअर प्रोग्रॅमिंग (मर्यादांत राहून जास्तीत जास्त नफा किंवा कमीत कमी खर्च काढणे), असाइनमेंट (कोणते काम कोणाला द्यायचे) आणि सिक्वेन्सिंग (कामांचा क्रम लावणे) शिकवले जाते. ऑपरेशन्स रिसर्चची, म्हणजे कामांचे गणिती नियोजन करण्याच्या शास्त्राची, ओळख इतक्या लवकर होते, ही चांगली गोष्ट. पण परीक्षेत खर्चाचे कोष्टक आयते छापून येते. विद्यार्थी वजाबाक्या करून गुण घेतो आणि मोकळा होतो.

असाइनमेंटचे उदाहरण घ्या: तीन टेम्पोंनी तीन गावांतून भाजी उचलायची आहे, प्रत्येकाला एकच गाव. क, ख, ग या गावांपर्यंतचे रिकामे अंतर पहिल्याला 4, 6, 9 किमी. दुसऱ्याला 5, 12, 13. तिसऱ्याला 10, 11, 12. 'सर्वांत जवळचा आधी' या हिशेबाने पहिला क ला जातो, तिसरा ख ला, आणि दुसऱ्याच्या गळ्यात ग पडते. एकूण 28 किमी. पहिल्याला ख, दुसऱ्याला क, तिसऱ्याला ग दिले तर 23. इथे सहाच वाटण्या आहेत, तपासून बघता येतात. दहा टेम्पोंच्या 36,28,800 होतात, विसांच्या संख्येत 19 आकडे. म्हणून हॅरॉल्ड कून यांनी 1955 मध्ये मांडलेली हंगेरियन पद्धत लागते; ती सगळ्या वाटण्या न तपासता सर्वांत कमी खर्चाची वाटणी काढते.

याच कोष्टकात नेहमीची चूकही दिसते. या पद्धतीत सगळी शून्ये आडव्या-उभ्या रेघांनी झाकायची असतात; कमीत कमी रेघा ओळींइतक्या लागल्या की शून्यांवरून वाटणी करता येते. आधी ओळींतून, मग स्तंभांतून लहानात लहान संख्या वजा केल्यावर सगळी शून्ये दोनच रेघांत झाकतात: तिसरी ओळ आणि पहिला स्तंभ. मुले तीन उभ्या रेघा मारतात, 'तीन झाल्या' म्हणून थांबतात आणि मग वाटणी जुळत नाही. रेघा कमीत कमी हव्यात. पुढे न झाकलेल्यांतून 1 वजा करायचा आणि रेघा छेदतात तिथे 1 मिळवायचा. हे मिळवणे हमखास राहते. प्रत्यक्षात आपण न झाकलेल्या अख्ख्या ओळींतून 1 काढून झाकलेल्या अख्ख्या स्तंभात 1 घालतो, हे फळ्यावर एकदा दाखवले तर पाठ करावे लागत नाही.

खरी गंमत कोष्टक भरण्यात आहे, आणि तेच कोणी विचारत नाही. आकडे किलोमीटरचे, डिझेलचे की वेळेचे? एखाद्या गावचा पूल अरुंद असेल तर त्या टेम्पोपुढे मोठी संख्या लिहायची, पण किती मोठी? बाकीचे आकडे शेकड्यांत असताना 99 लिहिले तर नेमकी तीच बंद वाट निवडली जाऊ शकते. टेम्पो चार आणि गावे तीन असली की पुस्तक शून्यांचा खोटा स्तंभ जोडायला सांगते. उभ्या टेम्पोच्या चालकाला दिवसाची मजुरी द्यावी लागत असेल, तर शून्य चुकीचे.

यासाठी संगणकही साधा चालतो. फुकट मिळणाऱ्या लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये सॉल्व्हर, म्हणजे अटी पाळून सर्वांत चांगले उत्तर शोधणारी सोय, असतो. नऊ रिकामे चौकोन, प्रत्येक ओळीची व स्तंभाची बेरीज 1, चौकोनांतल्या संख्या आणि कोष्टकातली अंतरे यांच्या गुणाकारांची बेरीज कमीत कमी. 'ऋण संख्या नकोत' ही अट विसरली तर उत्तर अमर्याद निघते. पूर्णांकांची अट इथे लागत नाही, 0 आणि 1 आपोआप येतात. पण लिनिअर प्रोग्रॅमिंगमधल्या, ठराविक लाकडातून किती खुर्च्या-टेबले करायची अशा गणितात 3.6 टेबले येऊ शकतात, आणि ती 4 धरली की लाकूड पुरेलच असे नाही. एक्सेल वापरणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की त्यातला अंगचा सॉल्व्हर 200 चलांपर्यंतच, म्हणजे इथे 200 चौकोनांपर्यंतच, जातो: 14 टेम्पो (14 × 14 = 196) बसतात, 15 (225) नाही.

मंडळाने प्रश्नपत्रिकेत निदान एक प्रश्न असा द्यावा, ज्यात फक्त परिस्थितीचे वर्णन असेल आणि कोष्टक विद्यार्थ्याने मांडायचे असेल. उत्तर काढले नाही तरी मांडणीला अर्धे गुण द्यावेत.

आपली,
गणिताची एक प्राध्यापिका, सांगली