विषय: ‘थरारक 10 मुष्टियुद्धं’ पॅकमधल्या कापलेल्या लढती आणि पैशांचा परतावा

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

‘तुमची तक्रार निकाली काढली आहे’ असा मेसेज फोन ठेवताक्षणी आला. काहीही निकाली निघालेलं नाही, म्हणून हे लेखी.

तुमच्या अ‍ॅपवरच्या या व्हिडिओ पॅकच्या जाहिरातीत ‘पूर्ण लढती’ असं छापलंय. प्रत्यक्षात दोन राउंडमधला विश्रांतीचा एक मिनिट प्रत्येक लढतीतून उडवलाय. विचारलं तर तुमचा प्रतिनिधी म्हणतो, “सर, त्या मिनिटात ते दोघं नुसते बसलेलेच असतात ना?”

त्याला अली-फ्रेझर, मनिला, 1 ऑक्टोबर 1975 समजावून सांगितलं. चौदावा राउंड संपतो, फ्रेझरला डोळ्यांनी धड दिसत नाहीये, आणि प्रशिक्षक एडी फच त्याला पंधराव्यासाठी उठूच देत नाही. निकाल त्या ‘नुसत्या बसण्यात’ लागला! तुमच्या कॉपीत चौदाव्याची घंटा होते आणि पुढच्या क्षणी अली जिंकलेला. यावर उत्तर काय, तर “पण सर, जिंकला कोण ते दिसतंय ना?” अहो, ते गुगलवर फुकट दिसतं. त्यासाठी पॅक कशाला घ्यायचा? मग होल्डवरचं संगीत. ते मात्र न कापता ऐकवलंत.

कोरालेस-कास्तियो, 7 मे 2005. यादीत हिला सातवा नंबर देणाऱ्याने दहावा राउंड पाहिलाय का? कोरालेस दोनदा खाली पडतो, माउथपीस (दातांवरचं रबरी कवच) बाहेर, रेफरी टोनी वीक्स एक गुण कापतो आणि माउथपीस बसवायला त्याला कोपऱ्यात पाठवतो. तिथे मिळालेल्या त्या जादा सेकंदांवरून बॉक्सिंगवाले आजही भांडतात, कारण त्याच राउंडमध्ये कोरालेसने कास्तियोला संपवलं. तुम्ही तेवढेच सेकंद ‘खेळ थांबलेला’ म्हणून कापलेत. वादाचं मूळच गायब.

हॅगलर-हर्न्स (15 एप्रिल 1985) पहिल्या नंबरावर, हे कबूल. पहिल्या तीन मिनिटांना तोड नाही. पण तिसऱ्या राउंडमध्ये डॉक्टर हॅगलरच्या कपाळाची जखम तपासतात, तेही कापलंय. लढत जखमेमुळे थांबवतील या धास्तीने तो नंतर तुटून पडला, हे नव्या प्रेक्षकाला कळणार कसं? वर व्हिडिओच्या नावातच ‘तिसऱ्या राउंडमध्ये नॉकआउट’. धन्य.

चावेझ-टेलर (17 मार्च 1990) तर टीव्हीवर पूर्ण बघताच येत नाही. शेवट जवळ आला की ‘पुढचा व्हिडिओ’ची चौकट पडद्यावर येते आणि उडी मारते. रेफरीने ही लढत बाराव्या, म्हणजे शेवटच्या राउंडचे 2 सेकंद उरले असताना थांबवली होती. म्हणजे जो क्षण बघायचा, नेमका तोच जातो. ऑटोप्ले बंद केलं तर मोबाइलवर थांबतं, टीव्ही अ‍ॅपमध्ये तो पर्यायच नाही. जुन्या टीव्हीच्या आकाराचं (4:3) चित्र ताणून सगळे बॉक्सर बुटके केलेत, ते वेगळंच.

दोन राउंडमधला मिनिट परत जोडा, हे पुन्हा लिहितोय, कारण फोनवर दर वेळी ‘नेटवर्क तपासा’ एवढंच सांगतात. नेटवर्क कात्री चालवत नाही.

15 दिवसांत न कापलेल्या लढती द्या, नाहीतर पॅकचे सगळे पैसे ज्या खात्यातून आले तिथे परत करा. कूपन नको. नाहीतर आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार, मग उपनगर जिल्हा ग्राहक आयोग. जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवलाय. तुमच्याकडे जुन्या लढतींचा खजिना आहे, म्हणून चार जणांना पॅक घ्यायला सांगितलं होतं; त्यांना आता थांबा म्हणून कळवतोय.

सध्यापुरता ग्राहक,
मुलुंड (पूर्व), मुंबई