मदरबोर्ड गेलाच नव्हता

महोदय,

मुलीच्या संगणकात नवी एसएसडी (माहिती साठवणारी वेगवान डिस्क) बसवली आणि काळ्या पडद्यावर 'बूट डिव्हाइस सापडत नाही' एवढीच ओळ, म्हणजे ज्या डिस्कवरून संगणक सुरू होतो तीच दिसत नाही. दुकानदाराने झाकणही न उघडता मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड) गेल्याचं सांगून साडेसहा हजार मागितले. आमच्या घरी तो महिन्याचा किराणा आहे! रात्री बायोस (संगणकाच्या मूळ सेटिंग्जचा पडदा) उघडून पाहिलं, तर विंडोज असलेली जुनी हार्ड डिस्क यादीतच नव्हती. अनेक मदरबोर्डवर एम.२ खाचेत (बोर्डवरच्या छोट्या खाचेत) एसएसडी बसवली की साटाचा, म्हणजे डिस्कची केबल लावायचा, एखादा पोर्ट आपोआप बंद होतो. माहितीपुस्तिकेत तसं बारीक अक्षरांत छापलेलं सापडलं. जुन्या डिस्कची केबल शेजारच्या पोर्टात खोचली, बूटच्या क्रमात जुनी डिस्क वर घेतली, संगणक सुरू झाला. दुरुस्तीवाल्यांनी आधी केबल, पोर्ट आणि बूटचा क्रम गिऱ्हाइकासमोर तपासावा, मगच भाग बदलायला सांगावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, मिरज